एल्ड्रेज गाठ डावीकडे का झुकते? टायच्या नक्षीदार गाठींविषयी सविस्तर

प्रश्न असा आहे: मोठ्या भावाच्या रिसेप्शनला टायची एल्ड्रेज गाठ बांधायची आहे. व्हिडिओ बघून बऱ्याचदा बांधून पाहिली, पण गाठ डावीकडे झुकते, समोरच्या पट्ट्या सैल पडतात आणि शेवटी खोचायला टोकच उरत नाही. उंची सहा फूट. टाय सॅटिनची, मरून रंगावर सोनेरी कोयऱ्यांची. शर्ट बटण-डाऊन कॉलरचा. कार्यक्रमाला तीन आठवडे आहेत.

तीन आठवडे भरपूर झाले. पण आधी स्पष्ट सांगतो, तुमच्या हाताचा दोष यात कमी आहे. टाय, कॉलर आणि उंची या तिन्ही गोष्टी सध्या एल्ड्रेजच्या विरोधात आहेत. टाय आणि कॉलर बदलली नाही, उंचीचा हिशेब धरला नाही, तर व्हिडिओ पाठ झाला तरी गाठ अशीच येत राहील. पुरुषांच्या सूटच्या दुकानात मी नोकरी करतो आणि लग्नसराईत नवरदेवाला तयार करायला हॉलवर जाणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. त्यामुळे ही गाठ मी दुसऱ्यांच्या गळ्यात पुष्कळ बांधली आहे आणि ती कुठे कुठे फसते हे जवळून पाहिलं आहे.

ही गाठ वेगळी कशात आहे, ते आधी नीट समजून घ्या. रोजच्या गाठीत, म्हणजे साधी फोर-इन-हँड असो नाहीतर हाफ विंडसर, फिरतं ते रुंद टोक. अरुंद टोक जागेवर लटकत राहतं आणि शेवटी रुंद टोकामागे लपतं. गाठीच्या समोर एकच सपाट, गुळगुळीत पट्टी दिसते. नक्षीदार गाठीत हे सगळं उलटं होतं. रुंद टोक स्थिर, फिरतं ते अरुंद टोक, आणि समोर एकाऐवजी तीन-चार पट्ट्या एकमेकींवर तिरप्या बसतात. एल्ड्रेज म्हणूनच वेणीसारखी दिसते. पुढे मी या पट्ट्यांना पेडच म्हणणार आहे.

या एका फरकाने गणितज्ञांनाही कामाला लावलं. १९९९ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या थॉमस फिंक आणि योंग माओ यांनी 'नेचर' या नियतकालिकात टायच्या गाठी मोजण्याची पद्धत मांडली. जास्तीत जास्त ९ हालचालींत बांधता येतील अशा ८५ गाठी त्यांना मिळाल्या. पण त्यांनी धरून चाललेली गोष्ट ही की फिरणार रुंद टोक आणि समोर दिसणार एकच सपाट पट्टी. पेडांच्या गाठी त्या हिशेबात बसतच नव्हत्या. २००३ मध्ये 'द मेट्रिक्स रीलोडेड' हा चित्रपट आला, त्यातल्या एका पात्राच्या टायची पेडदार गाठ लोकांनी घरी उलगडून पाहिली, आणि तिथून अशा गाठींचं वेड पसरलं. जेफ्री एल्ड्रेज या अमेरिकी गृहस्थांची गाठ २००७च्या सुमाराची आहे. पुढे मिकाएल वेदेमो-योहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरुंद टोकाने बांधायच्या गाठी धरून नव्याने मोजणी केली. २०१५ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधात नेहमीच्या टायने बांधता येतील अशा गाठींचा आकडा २,६६,६८२ आहे. एवढ्या सगळ्यांत गळ्यात शोभतील अशा गाठी थोड्याच, आणि एल्ड्रेज त्यांतली एक आहे हे मी मनापासून म्हणतो.

आता टायकडे. तुमची टाय उलटी करून बघा. मागे मधोमध लांब शिवण दिसेल, आणि चांगल्या टायला त्या शिवणीच्या टोकाशी दोऱ्याचा एक छोटा सैल फासा सोडलेला असतो. पुष्कळ लोक तो सुटलेला दोरा समजून कापतात. कापू नका. ती शिवण मुद्दाम सैल घातलेली असते, म्हणजे टाय ओढली की कापड त्या दोऱ्यावर सरकतं आणि सोडली की जागेवर येतं. टायचं कापडही उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपं कापलेलं असतं. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी १९२०च्या दशकात उरेब कापाची, तीन तुकडे जोडून करायची टाय आणली, आणि आजची टाय मुळात तीच आहे. उरेब कापड ताणलं तर थोडं वाढतं आणि परत बसतं, म्हणून गाठीला पकड मिळते. एल्ड्रेजमध्ये अरुंद टोकाला इतके वळसे पडतात की हे ताणणं-बसणं नीट होत नसेल तर दर वळशाला थोडी ढिलाई साठत जाते. स्वस्त टायमध्ये शिवण यंत्राने घट्ट मारलेली असते आणि आतलं अस्तर पुठ्ठ्यासारखं कडक असतं. अशा टायचे पेड कितीही ओढा, फुगूनच राहतात.

सॅटिन पॉलिएस्टर हा दुसरा त्रास. ते निसरडं असतं. पेड घट्ट बसवला, हात काढला, की तो अर्ध्या मिनिटात पुन्हा मोकळा. रेशमी टायला धाग्याधाग्यात पकड असते. रेशमी नको असेल तर बारीक पोताची मायक्रोफायबरची टाय घ्या, तीही चांगली बसते. स्वेटरसारखी विणलेली टाय आणि लोकरीची टाय मात्र या गाठीसाठी अजिबात नको, गाठ मुठीएवढी होते.

आणि त्या कोयऱ्या. मला कोयरीची नक्षी फार आवडते, पण या गाठीत ती पेडांना गिळून टाकते. गाठीत कापड दुमडतं, उलटं-तिरपं होतं, आणि कोयऱ्यांचे अर्धे-मुर्धे तुकडे सगळीकडे दिसायला लागतात. चार हातांवरून पाहणाऱ्याला तिथे गाठ आहे की कापडाचा बोळा हेही कळत नाही. पट्ट्यापट्ट्यांची टायही नको, पेडांच्या रेषा आणि कापडावरच्या रेषा एकमेकींना छेदतात. एकरंगी टाय घ्या, थोडी चमक असलेली. पेडाच्या कडेवर उजेड पडतो, खाचेत सावली राहते, आणि गाठीचा आकार त्या उजेड-सावलीनेच दिसतो. म्हणून काळी किंवा अगदी गडद निळी टायही वाया जाते, त्यात सावली दिसत नाही. मरूनच हवा असेल तर साधा मरून घ्या. मोरपिशी, राखाडी, गडद गुलाबी हेही चांगले. रुंदी सात-आठ सेंटीमीटरची. अगदी बारीक, पाच सेंटीमीटरच्या टायमध्ये सहा फुटी माणसाच्या गळ्यात गाठ हरवून जाते.

लांबीचा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा. बाजारातली नेहमीची टाय १४५ ते १५० सेंटीमीटर असते. त्यातले चाळीसेक सेंटीमीटर गळ्याभोवती जातात. तुमच्या उंचीला गाठीपासून बेल्टच्या बकलपर्यंत पन्नासच्या वर लागतात. उरलेल्यात एल्ड्रेजचे सगळे वळसे बसवायचे, आणि वर खोचायला चार बोटं तरी शिल्लक हवीत. म्हणून तुमचं टोक संपतं. यावर उपाय दोन. एक, लांब टाय मागा. उंच माणसांसाठी १५५ ते १६० सेंटीमीटरच्या टाय मिळतात, मोठ्या दुकानात विचारलं तर काढून दाखवतात. दोन, नेहमीचीच टाय वापरा पण रुंद टोक बकलपर्यंत न आणता चार बोटं वर ठेवा आणि कोटाचं बटण लावलेलं राहू द्या, किंवा आत वेस्टकोट घाला. वेस्टकोट असेल तर टायचं खालचं टोक कुणालाच दिसत नाही आणि तुम्हाला भरपूर कापड मोकळं मिळतं. लग्नात मी बहुतेक वेळा हाच मार्ग घेतो.

शर्टाबद्दल तडजोड करू नका. बटण-डाऊन कॉलरची टोकं शर्टाला जखडलेली असतात, आणि एल्ड्रेज ही रुंद, भरीव गाठ आहे. ती आत मावत नाही, कॉलर वर उचलली जाते. पसरट कॉलरचा शर्ट घ्या, ज्याची दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात. कॉलरच्या टोकांत प्लास्टिकचे कॉलर बोन असतात ते घातलेले असू द्या, धुताना काढले आणि परत घालायचे राहिले असं फार होतं. वरचं बटण लावल्यावर आत एक बोट जाईल इतकीच जागा हवी. कॉलर सैल असली की गाठ खाली लोंबते, मग कितीही छान बांधलेली असो.

आता गाठ. उजवं-डावं सगळं तुमचं स्वतःचं धरा, आरशातलं नव्हे. सुरुवातीचे काही दिवस आरसा बाजूलाच ठेवा. खाली मान घालून, हाताने चाचपत बांधा. आरशात बघून व्हिडिओशी जुळवायला गेलं की डावं-उजवं उलटतं आणि अर्ध्या गाठीत गोंधळ होतो. तुम्ही डावखुरे असाल तर पुढचं सगळं आरपार उलटं करा, गाठ तितकीच चांगली येते.

टाय गळ्यात घाला, शिवण अंगाकडे. रुंद टोक उजवीकडे, अरुंद टोक डावीकडे. रुंद टोक शेवटी जिथे हवं आहे त्याच्या दोन बोटं वर धरा. कारण या गाठीत शेवटी गळ्याचा वळसा आवळताना रुंद टोकच खाली ओढावं लागतं, आणि ते तेवढं लांब होतं. हे लक्षात न घेता बकलपाशी धरून सुरुवात केली की टाय मांडीपर्यंत लोंबते आणि अरुंद टोकही वाया जातं. कॉलरच्या बटणाजवळ, वरच, अरुंद टोक रुंद टोकावरून उजवीकडे न्या. पहिली फुली जितकी खाली मारता तितकं कापड फुकट जातं.

उजवीकडे आलेलं टोक रुंद टोकाच्या मागून परत डावीकडे आणा. मग ते समोरून वर उचला, मध्यावर गळ्याच्या वळशावरून आत टाका आणि मागून खाली ओढून डावीकडे बाहेर काढा. इथे थांबायचं. हा पाया आहे, आणि एवढा भाग घट्टच हवा. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने पाया चिमटीत धरा, उजव्या हाताने अरुंद टोक आडवं ओढा, मग रुंद टोक सरळ खाली ओढा. पाया गळ्याच्या बरोबर मध्यावर आहे ना हे बोटाने चाचपून बघा.

आता डावीकडून टोक समोरून आडवं उजवीकडे न्या. ही आडवी पट्टी पायाला झाकते. उजवीकडून मागे वळवा, गळ्याच्या वळशाखालून वर काढा आणि वरून समोर, डावीकडे तिरपं खाली उतरवा. हा पहिला पेड. हा घट्ट करा, पण पायाइतका नाही. पट्टी सपाट पडली, कडेला सुरकुती नाही, एवढं बघायचं. टोक रुंद टोकाच्या मागून उजवीकडे न्या, पुढे आणा, तिरपं वर मध्यावर चढवा, वळशावरून आत टाका आणि मागून उजवीकडेच बाहेर काढा. हा दुसरा पेड, आणि हा सैल सोडायचा. त्याखाली तर्जनी सहज गेली पाहिजे.

शेवटची हालचाल: उजवीकडे बाहेर आलेलं टोक समोरून डावीकडे न्यायचं, पण त्या सैल पेडाच्या खालून ओवून. तर्जनी आधीच पेडाखाली घालून ठेवलीत तर टोक तिच्यावरून सरकवून पलीकडे घेता येतं. डावीकडे निघालेलं टोक हळूहळू ओढा, सैल पेड खाली बसेल. उरलेलं टोक डाव्या बाजूला गळ्याच्या वळशामागे नेऊन कॉलरखाली खोचा.

मध्येच गोंधळलात तर ओळखायची एक खूण आहे. टोक आळीपाळीने एकदा समोर आणि एकदा मागे जातं. लागोपाठ दोनदा समोरून गेलं असेल तर एक वळसा सुटलेला आहे. तसंच समोरच्या कुठल्याही पट्टीवर मागची शिवण किंवा अस्तराची कड दिसली तर पीळ पडलाय. तसंच पुढे बांधत जाऊ नका, तिथपर्यंत सोडा आणि परत या. अर्धवट चुकलेली एल्ड्रेज शेवटी सावरता येत नाही.

पेड सैल का पडतात, याचं खरं उत्तर आवळण्याच्या क्रमात आहे. बहुतेक लोक सगळी गाठ बांधून होते आणि मग शेवटचं टोक जोरात ओढतात. त्या ओढीने फक्त शेवटचा पेड आवळतो. आधीच्या वळशांत साठलेलं सैल कापड तिथेच अडकून राहतं आणि तासाभरात बाहेर डोकावायला लागतं. सैलपणा सुरुवातीपासून शेवटाकडे ढकलत न्यायला हवा. टोक ओवून झालं पण अजून ओढलेलं नाही, अशा वेळी गाठ डाव्या हातात धरा. आधी समोरची आडवी पट्टी चिमटीत घेऊन तिचा ढिलावा मागच्या बाजूला सरकवा. मग पहिल्या तिरप्या पेडाचा ढिलावा रुंद टोकाच्या मागून उजवीकडे आणा. मग दुसऱ्या पेडाचा वर वळशाकडे. आता सगळं जादा कापड शेवटच्या टोकात आलं, आणि तेव्हाच ते ओढा. पहिल्यांदा करताना हे फार किचकट वाटतं. सवयीने दहा-पंधरा सेकंदांचं काम होतं, आणि बघणाऱ्याच्या नजरेत भरणारी गाठ यामुळेच वेगळी पडते. पेड अगदी करकचून आवळायचे नाहीत. कडा किंचित उठलेल्या राहिल्या तरच वेणीचा आकार दिसतो, नाहीतर गाठ चपटी, दाबलेली होते.

झुकण्याचं कारणही याच ठिकाणी आहे. शेवटचं टोक डावीकडे ओढलं जातं, आणि पाया सैल असेल तर सगळी गाठच त्या ओढीबरोबर डावीकडे जाते. दोन गोष्टी करा. टोक ओढताना डाव्या हाताने गाठीला डाव्या कडेने आधार द्या, म्हणजे ओढ फक्त टोकाला लागेल. आणि ओढून झाल्यावर रुंद टोक सरळ खाली ओढत गाठ वर कॉलरपर्यंत सरकवा. वर सरकताना ती आपोआप मध्यावर येते. तरीही झुकलीच तर पहिली फुली मध्यावर पडली नव्हती, हे समजा आणि पुन्हा बांधा. बोटांनी दाबून-वळवून सरळ केलेली गाठ दोन मिनिटांत परत वाकते.

एवढं सगळं करायला आठवडाभर रोज थोडा वेळ दिलात तर एल्ड्रेज तुम्हाला येईल. पण लांब टाय मिळाली नाही, किंवा तुमची गळ्याची मापं जास्त असतील, तर मी तुम्हाला ट्रिनिटी बांधायला सांगेन. ट्रिनिटीच्या समोर तीन पेड मध्यबिंदूपाशी मिळतात, आकार त्रिकोणी गोलसर येतो, आणि कापड एल्ड्रेजपेक्षा कमी लागतं. सुरुवात तशीच: अरुंद टोक रुंद टोकावरून उजवीकडे. तिथून मागून वर, गळ्याच्या वळशाखालून काढून समोर डावीकडे खाली. रुंद टोकाच्या मागून उजवीकडे, समोरून वर मध्यावर, वळशातून खाली आणि डावीकडे. समोरून आडवं उजवीकडे, मागून पुन्हा वर. आता वरून खाली येताना त्या आडव्या पट्टीच्या आतून ओवा आणि ही उतरती पट्टी सैल ठेवा. टोक रुंद टोकाच्या मागून उजवीकडे नेऊन समोर आणा आणि त्या सैल पट्टीच्या खालून डावीकडे काढा. ओढा, खोचा. तिन्ही पेड सारखे रुंद दिसले की झाली. माझ्या मते लांबून, स्टेजवरच्या उजेडात ट्रिनिटी जास्त स्पष्ट दिसते. फोटोत तर नक्कीच.

आणि एक विचारून घ्या: दादा काय घालणार आहेत? दादांचा सूट आणि साधी गाठ असेल, आणि त्यांच्या शेजारी तुम्ही एल्ड्रेज बांधून उभे राहिलात, तर फोटो बघणाऱ्याची नजर आधी तुमच्या गळ्याकडे जाणार. दिवस त्यांचा आहे. मी असतो तर आधी त्यांना विचारलं असतं की तुम्हाला ही गाठ बांधू का, आणि ते हो म्हणाले असते तर त्यांच्या गळ्यात एल्ड्रेज आणि माझ्या गळ्यात हाफ विंडसर. ते शेरवानी किंवा जोधपुरी घालणार असतील तर प्रश्नच मिटला, मग तुम्ही मनसोक्त बांधा. खिशातला रुमाल मात्र साधा पांढरा, सरळ घडीचा. गाठही नक्षीची आणि रुमालही फुलवलेला, असं दोन्ही नको.

कार्यक्रमाच्या दिवसाविषयी काही गोष्टी, ज्या व्हिडिओत सांगत नाहीत कारण ते आपल्या लग्नांसाठी केलेले नसतात. सकाळी मुहूर्ताला फेटा आणि कुर्ता, संध्याकाळी रिसेप्शनला सूट, अशी बहुतेक ठिकाणी धावपळ असते. मध्ये कपडे बदलायला मिळते ती हॉलची खोली, जिथे धड आरसा नसतो आणि पंधरा माणसं आत-बाहेर करत असतात. तिथे एल्ड्रेज बांधायला जाऊ नका. दुपारी निवांत खोलीत गाठ बांधून घ्या, मग एका हाताने गाठ आणि दुसऱ्या हाताने गळ्याचा वळसा धरून गाठ रुंद टोकावर खाली सरकवा. वळसा मोठा झाला की टाय डोक्यावरून काढा आणि हँगरला अडकवून ठेवा. संध्याकाळी डोक्यावरून घालायची, खोचलेलं टोक तपासायचं, रुंद टोक ओढून गाठ वर घ्यायची. काम झालं. त्याच दिवसापुरतं हे ठीक आहे, आठवडाभर बांधून ठेवलेल्या टायला मात्र घड्या पडतात.

रिसेप्शनला तुम्ही उभे राहणार आणि पाया पडायला सारखे वाकणार. आजी, मामा, आत्या, भावाचे सासरे. दर वेळी वाकलं की रुंद टोक पुढे झुलतं आणि गाठीला हिसका बसतो. शंभर वेळा वाकून झालं की खोचलेलं टोक कॉलरबाहेर येतं. एक बारीक सेफ्टी पिन घ्या आणि ते टोक मानेमागच्या बाजूला गळ्याच्या वळशालाच आतून टाचा, शर्टाला नाही. शर्टाला टाचलंत तर मान वळवताना कॉलर ओढली जाते. आणि शर्टाच्या तिसऱ्या-चौथ्या बटणांच्या मध्ये टाय क्लिप लावा, म्हणजे रुंद टोक झुलणारच नाही. वेस्टकोट असेल तर क्लिप नको, वेस्टकोटच ते काम करतो.

मुलाखत, कोर्ट, ऑफिसची महत्त्वाची बैठक, कुणाचा शोकप्रसंग, अशा ठिकाणी यांतली कुठलीच गाठ नको. हाफ विंडसर तिथे योग्य. नक्षीदार गाठ समारंभासाठीच आहे.

घरी आल्यावर थकलेले असाल, तरी टाय एका झटक्यात ओढून काढू नका. अरुंद टोक ओढून गाठ सोडवायला गेलं की आतला सैल दोरा तुटतो आणि टाय कायमची पिळवटते. पिन काढा, खोचलेलं टोक मोकळं करा, शेवटचा पेड बोटाने उचला आणि बांधलं त्याच्या उलट क्रमाने एकेक वळसा सोडा. अरुंद टोकावर घड्या पडलेल्या दिसतील. टाय रुंद टोकाकडून सैल गुंडाळून रात्रभर ठेवा, किंवा न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ झाली की तिथे थोडा वेळ लटकवा. तरी घडी राहिली तर वरून सुती कापड टाकून मंद इस्त्री फिरवा, दाब न देता. रेशमी टायवर पाणी शिंपडायचं नाही, डाग राहतो.